टिंकर बेटावरची मतपेटी

मी एक जुनी मतपेटी आहे. पाइनच्या लाकडाची, हातभर लांब आणि वीतभर उंच. माझ्या झाकणाला एक चीर आहे आणि कडीला लहानसे कुलूप. रंग मला कधी लागला नाही. मित्रांनो, माझ्या कामाचे दिवस मोजायचे म्हटले तर अवघे तीन. बाकीची सगळी वर्षे मी खिळे, गळ आणि दोऱ्याचे गुंडे पोटात घेऊन एका कोपऱ्यात काढली. पण त्या तीन दिवसांत एका गावाने आपण कोण आणि आपण कुठे राहायचे, हे ठरवले. त्यातल्या एका दिवसापायी दोन चांगली माणसे अठरा वर्षे एकमेकांशी बोलली नाहीत. तेच तुम्हाला सांगावे म्हणते.

माझा जन्म १९४८ च्या मे महिन्यात न्यूफाउंडलंडच्या दक्षिणेला, टिंकर बेटावर झाला. तीस घरे, एक चर्च, एक शाळा आणि पाण्यात खांब रोवून उभे केलेले मासळीचे धक्के, एवढेच ते गाव. झाड एकही नाही. वाऱ्याने कधी उभे राहूच दिले नाही. तिथे अझराया ब्रशेट नावाचा सुतार राहत असे. तो होड्या बांधी, खिडक्या बसवी, आणि कुणी गेले की शवपेटीही तोच करी. स्वभावाने ताठ. एकदा रंधा मारलेली फळी जशी पुन्हा जाड होत नाही, तसे त्याचे मत एकदा झाले की बदलत नसे.

खरे तर गावासाठी पत्र्याची मतपेटी सरकारनेच धाडली होती. पण आगबोट बेटाजवळ येत नसे. खोल पाण्यात थांबे, आणि माणसे वल्ह्यांच्या होडीत सामान उतरवून घेत. त्या उतरवाउतरवीत पेटी हातातून निसटली. पोस्टमास्तर इलाय कीपिंग भिजलेल्या बाह्यांनी तसाच अझरायाच्या कारखान्यात आला. दोघे लहानपणापासूनचे दोस्त, शेजारी, एकाच होडीत वाढलेले.

"अझराया, पेटी बुडाली."

"बरं झालं. तळ गाठायला निघालेलीच होती ती."

"कागद कोरडे आहेत. तार करून विचारलं मी. म्हणाले, गावात सुतार असेल तर करून घ्या. वर चीर पाहिजे आणि कुलूप पाहिजे."

"लाकूड कुठाय?"

इलायने वर तुळयांकडे पाहिले. तिथे पाइनच्या चार रुंद फळ्या कित्येक वर्षे वाळत ठेवलेल्या होत्या. त्या अझरायाने स्वतःच्या शवपेटीसाठी राखल्या आहेत, हे गावात सगळ्यांना ठाऊक होते. तेवढ्यात त्याची बायको ड्रुसिला चहा घेऊन आली. तिने ऐकले आणि म्हणाली, "दे की एक काढून. तसाही तू गुडघे पोटाशी घेऊन झोपतोस. तुला आखूड पेटी चालेल."

इलाय हसला. अझरायानेही शिडी लावली. त्याच दुपारी माझा जन्म झाला. अझरायाने माझे कोपरे कबुतराच्या शेपटीसारख्या खाचांनी जोडले, एकही खिळा न मारता. ज्या कामासाठी मी हवी होते ते काम त्याला मनापासून नको होते. तरी त्याने ते नेटकेच केले.

मित्रांनो, न्यूफाउंडलंड तेव्हा कॅनडात नव्हते. तो वेगळा देश होता. पुढे फार हलाखीचे दिवस आले तेव्हा त्याने आपला कारभार लंडनने नेमलेल्या मूठभर माणसांच्या हाती दिला होता. आता प्रश्न होता की पूर्वीसारखा आपला कारभार आपण करायचा, की कॅनडात सामील व्हायचे. अझरायाच्या चुलीवरच्या भिंतीवर त्याच्या थोरल्या भावाचे, गिडियनचे, छायाचित्र होते. डोक्यावर टोपी, टोपीवर हरणाचा बिल्ला. १९१६ च्या जुलैच्या पहिल्या तारखेला फ्रान्समधल्या लढाईत न्यूफाउंडलंडच्या पलटणीतली शेकडो पोरे अर्ध्या तासात पडली, त्यांत तो होता. अझराया म्हणे, "तो न्यूफाउंडलंडसाठी मेला. त्याचा देश मी कागदावर फुली मारून देऊन टाकू काय?"

ड्रुसिलाच्या मनात दुसरेच नाव होते. तीन वर्षांपूर्वी मार्च महिन्यात त्यांची धाकटी मुलगी केझाया घटसर्पाने गेली होती. दोन वर्षांची होती. समुद्र बर्फाने भरलेला, त्यामुळे होडी निघेना, आणि बर्फ पक्के नाही म्हणून चालताही येईना. डॉक्टर होता तो पलीकडच्या किनाऱ्यावर. रेडिओवर माणसे सांगत, कॅनडात गेलो तर दवाखाने होतील, पोरांच्या नावाने दर महिन्याला पैसे येतील. एकदा चुलीपाशी ती एवढेच म्हणाली, "तिकडे गेलो असतो तर डॉक्टर जवळ असता, असं म्हणतात."

"म्हणणारे म्हणतात," अझराया म्हणाला. "लालूच आहे ती."

त्यानंतर तिने तो विषय घरात काढला नाही.

जूनमधल्या पहिल्या मतदानात लंडनच्या माणसांचाच कारभार चालू ठेवायचा हा धरून तीन पर्याय होते आणि कोणत्याच बाजूला निम्म्याहून जास्त मते पडली नाहीत. म्हणून बावीस जुलैला शाळेच्या टेबलावर मला पुन्हा ठेवले. एका कोपऱ्यात घोंगडी टांगून आडोसा केलेला. इलाय मतदानाचा अधिकारी. गावातली सदुसष्ट माणसे मासळीची कामे सोडून एकामागून एक आली. मतपेटीने कुणाचे मत सांगू नये, हा माझा धर्म आहे. फक्त ड्रुसिलाचे सांगते, कारण पुढे तिने ते स्वतःच्या तोंडाने सांगितले. ती घोंगडीआड गेली आणि लगेच बाहेर आली. कागदाची तिने तीन पदरी घडी घातली होती आणि एक कोपरा आत खोचला होता. त्या कागदाला मिठाचा वास येत होता. त्यावरची फुली कॅनडापुढे होती.

त्या आठवड्यात अझराया घरोघर फिरला होता. ज्यांनी हातात हात देऊन शब्द दिला होता ती माणसे त्याने बोटांवर मोजली होती. आपल्या घरची दोन धरून चौतीस. इलायही त्यांतलाच. संध्याकाळी इलायने सगळ्यांसमोर माझे कुलूप उघडले आणि एकेक कागद मोजला. मोजताना एका कागदाशी त्याचा हात जरासा थांबला, हे मी पाहिले. दुसऱ्या कुणी पाहिले नाही. मग त्याने निकाल वाचला. "कॅनडा, चौतीस. आपला कारभार, तेहतीस."

अझराया टेबलापाशी गेला. "कुणीतरी हात दिला आणि शब्द फिरवला."

"झालं ते झालं, अझराया," इलाय कागद गोळा करत म्हणाला.

"तुला काय, तुझं पोस्ट राहील. पाटी बदलेल फक्त."

इलाय काही बोलला नाही. अझरायाने त्या न बोलण्याचा अर्थ आपल्या परीने लावला. माझ्या घरची दोन मते पक्की, असे तो त्या रात्री घरी जेवताना म्हणाला. ड्रुसिलाने त्याच्या ताटात आणखी एक बटाटा वाढला.

सगळ्या न्यूफाउंडलंडचा निकालही थोडक्याच फरकाने कॅनडाच्या बाजूने लागला. पुढच्या वर्षी मार्च संपता संपता आम्ही कॅनडाचे झालो. एक एप्रिलला सकाळी अझरायाने घराचे सगळे पडदे खाली सोडले. आमच्याकडे घरात कुणी गेले की तसे करतात. धक्क्यावरच्या काठीला त्याने काळे फडके बांधले. ड्रुसिलाने अडवले नाही. त्यांची आठ वर्षांची नेओमी अंधाऱ्या स्वयंपाकघरात उभी राहिली.

"बाबा, काल मी न्यूफाउंडलंडची होते ना?"

"हो."

"मग आज मी कोण?"

"काल होतीस तीच. तोंड धू आणि शाळेत जा."

शाळेत त्या दिवशी पाटीवर एकच शब्द गिरवायचा होता, कॅनडा. नेओमीने तो गिरवला. घरी येताना तिने पाटी आपल्या कोटाच्या आत धरली.

इथून माझे उपेक्षेचे दिवस सुरू झाले. पुढच्या निवडणुकांना पत्र्याच्या पेट्या नीट पोहोचू लागल्या, आणि मी अझरायाच्या बाकाखाली गेले. कुणी माझ्यात बिजागऱ्या टाकल्या, कुणी तुटके गळ. पण मला खरे दुःख त्याचे नव्हते. अझराया आणि इलाय ही दोन घरे हाकेच्या अंतरावर. होड्या एकाच उतारावरून वर ओढायच्या. तरी अझराया बोलेना. पत्रे आणायला तो नेओमीला धाडी. चर्चमध्ये इलाय डावीकडे बसला तर हा उजवीकडे बसे. इलायने पहिली दोन वर्षे हाक मारून पाहिली, मग तोही थांबला.

सातव्या वर्षी इलायची बायको हॅना वारली. इलाय कारखान्याच्या दाराशी येऊन उभा राहिला. अझरायाने त्याच्याकडे पाहिले, मग नेओमीकडे वळून म्हणाला, "त्यांना सांग, उद्या सकाळी तयार होईल." त्याने तुळयांवरच्या उरलेल्या तिन्ही फळ्या खाली काढल्या आणि दिवसभर काम केले. एवढी नीट शवपेटी त्याने कधी कुणाला केली नसेल. दुसऱ्या दिवशी त्याने ती स्वतः खांद्यावर घेऊन नेली, दफनालाही उभा राहिला. पण तोंडातून शब्द काढला नाही. ड्रुसिला दाराच्या चौकटीला धरून हे सगळे पाहत होती. तिचे ओठ हलले, असे मला बाकाखालून दिसले. आवाज काही आला नाही.

वर्षे गेली. कॅनडाकडून खरोखरच पुष्कळ काही आले. पोरांच्या नावाचे पैसे आले, म्हाताऱ्यांना पेन्शन आली, डॉक्टरची बोट महिन्याला येऊ लागली. पण मासळी कमी झाली. मोठ्या शहरांत कामे निघाली, तशी तरणी माणसे निघून गेली. नेओमी लग्न होऊन किनाऱ्यावरच्या गावात गेली. बेटावर यायला शिक्षक तयार होईनात. १९६६ मध्ये वीस घरे उरली. मग सरकारी माणूस आला आणि म्हणाला, विसांतल्या निदान अठरा घरांनी बेट सोडायचे ठरवले तर सगळ्यांना किनाऱ्यावर न्यायला सरकार मदत करील. शिक्षण तिथे, दवाखाना तिथे. दर घराला एक मत. गावाने ठरवले की हात वर करून नको, चिठ्ठ्या टाकू. आणि कुणाला तरी माझी आठवण झाली.

अझराया मला बाकाखालून ओढून माझ्यातले खिळे ओतत होता, तेव्हा ड्रुसिला आत आली.

"अझराया, या वेळी घराला एकच मत आहे म्हणे."

"हो."

"मागच्या वेळी दोन होती."

"होती की."

"ती दोन एकसारखी नव्हती."

त्याचा हात खिळ्यांतच राहिला.

"केझाया गेली तेव्हा तू बर्फावरून चालत निघाला होतास डॉक्टरला आणायला," ती म्हणाली. "अर्ध्यातून परत आलास. मी खिडकीतून बघत होते, तू एकटाच येत होतास. त्या दिवशीच माझं मत पडलं होतं. पेटी तू नंतर केलीस."

त्याने हातातले खिळे बाकावर ठेवले. मग म्हणाला, "अठरा वर्षं झाली."

"झाली."

"आणि मी इलायला..."

"तेही मी बघत होते. हॅनाला नेलं त्या दिवशी सांगणार होते. मग भीती वाटली. म्हटलं, हा उद्या माझ्याशीही पोरीमार्फत बोलेल."

अझरायाने मान हलवली. नाही म्हणायला हलवली की हो म्हणायला, ते मला कळले नाही. तो उठला आणि बाहेर पडला. मी त्याच्या काखेत होते. मला खाली ठेवायचे त्याला भानच राहिले नाही. इलायच्या दाराशी जाऊन त्याने दार वाजवले. टिंकर बेटावर कुणी कुणाचे दार वाजवत नसे. सरळ आत जायची पद्धत. इलायने दार उघडले. पाठीत वाकला होता, चष्मा दोऱ्याने बांधलेला.

"दार वाजलं तेव्हा वाटलं, सरकारी माणूस आला," तो म्हणाला. "ये आत. बूट राहू देत."

अझराया उभाच राहिला. "तू नव्हतास."

"नव्हतो."

"मग सांगितलं का नाहीस?"

"मतदानाच्या आधी तुझ्या हातात हात दिला होता ना? आणखी काय सांगायचं होतं?"

"कोण ते तुला ठाऊक होतं?"

इलायने किटली चुलीवर ठेवली. मग पाठमोराच म्हणाला, "ड्रुसिलाची पत्रं मी किती वर्षं थैलीत टाकतोय. बोस्टनच्या बहिणीला लिहिते ती. तीन पदरी घडी आणि कोपरा आत. या बेटावर दुसरं कुणी तशी घडी घालत नाही. मोजताना हातात आली तेव्हाच ओळखली."

"एक शब्द टाकला असतास मला."

"मी मोजणारा होतो, अझराया. मोजणाऱ्यानंच तोंड उघडलं, तर पुढच्या वेळी त्या पेटीत कोण काय टाकेल?" तो वळला. "आणि तिला घरी जायचं होतं. तुझ्या घरी. मला नुसतं शेजारी राहायचं होतं."

अझराया खुर्चीवर बसला. मला त्याने मांडीवर घेतले आणि दोन्ही हात माझ्या झाकणावर ठेवले. चहा झाला, इलायने त्यात डब्यातले दूध ओतले, कडक पाव पुढे सरकवला. दोघांनी चहा घेतला.

"हॅना गेली तेव्हा मी काही बोललो नव्हतो," अझराया म्हणाला.

"पेटी चांगली केली होतीस."

"तरी बोलायला हवं होतं."

"हवं होतं," इलाय म्हणाला आणि त्याचा कप पुन्हा भरला.

माफी मागितली असे काही झाले नाही. पण दुसऱ्या दिवशी पत्रे आणायला अझराया स्वतः गेला, आणि जेवायच्या वेळेपर्यंत परतला नाही.

आठवड्याने मला शाळेत नेले. वर्ग बंद होता, बाके एका भिंतीला लावलेली. वीस घरांतून वीस माणसे आली. ब्रशेटांचे नाव पुकारले तेव्हा अझराया पुढे झाला, पेन्सिल घेतली आणि ड्रुसिलाच्या हातात दिली.

"घरच्या कर्त्यानं यायचंय," सरकारी माणूस म्हणाला.

"आलाय की," अझराया म्हणाला. "ही काय समोर उभी आहे."

ड्रुसिलाने त्याच्याकडे पाहिले. "काय लिहू ते तरी सांग."

"ते मी सांगायचं नसतं."

ती आडोशाला गेली. या वेळी ती लवकर बाहेर आली नाही. तिच्यासाठी ते सोपे नव्हते, मित्रांनो. नेओमी किनाऱ्यावर होती, डॉक्टर किनाऱ्यावर होता. पण केझाया टेकडीवरच्या कुंपणात होती आणि तिला कुठेही नेता येणार नव्हते. शेवटी ती आली. तिने कागद माझ्यात टाकला. साधी एकच घडी होती, सगळ्यांसारखी.

अठरा घरे जायला तयार, दोन नाहीत. बरोबर लागत होती तेवढीच. ती दोन घरे कुणाची, असे कुणी विचारले नाही. अझराया कुणाच्या तोंडाकडे न पाहता टोपी घालून घरी गेला. वाटेत त्याने बायकोलाही विचारले नाही, आणि पुढेही कधी विचारल्याचे मी ऐकले नाही. तिनेही सांगितले नाही. म्हणून मीही तुम्हाला सांगणार नाही.

पुढच्या उन्हाळ्यात गाव निघाले. निघण्याआधी अझराया आणि इलाय दोघांनी मिळून टेकडीवरचे कुंपण नवे केले आणि पांढरे रंगवले. ड्रुसिला एकटी वर जाऊन आली. तिथे काय केले ते तिने कुणाला सांगितले नाही. तिच्या गुडघ्यांना माती लागलेली होती. मग घरांखाली रिकामी पिंपे बांधली, भरतीच्या वेळी ती पाण्यात उतरवली आणि मोटरहोड्यांनी ओढून नेली. होय, आख्खी घरे. ब्रशेटांचे घर समुद्रावरून चालले होते तेव्हा मी त्याच्या स्वयंपाकघरात होते. फडताळातले कप एकमेकांना हळूहळू लागत होते. ड्रुसिला खिडकीशी बसून होती, आणि बेट दिसेनासे झाले तरी ती उठली नाही.

किनाऱ्यावरच्या गावात पोहोचलो तेव्हा जुलैची पहिली तारीख दोन दिवसांवर होती. त्याच तारखेला कॅनडाला शंभर वर्षे पुरी होत होती. सगळीकडे लाल पानाचे नवे झेंडे. पण आमच्या लोकांना तो दिवस गिडियनच्या पलटणीचा. त्या सकाळी अझराया कोटाला पलटणीच्या आठवणीचे निळे फूल लावून स्मारकापाशी उभा राहिला. शेजारी इलाय होता. दुपारी मिरवणूक निघायची होती.

"घरी जायचं का?" ड्रुसिलाने विचारले.

अझरायाने थोडा विचार केला. "सकाळी आपलं झालं. आता यांचं काय आहे ते बघू," तो म्हणाला. मग जरा वेळाने, "आपलंच म्हणायला शिकावं लागेल."

तो गर्दीच्या मागे उभा राहिला. राष्ट्रगीत सुरू झाले तेव्हा त्याने टोपी काढली. शब्द त्याला येत नव्हते. ड्रुसिला सांगत असे, की ओठ न हलवता तो शेवटपर्यंत तसाच उभा होता.

ती तिघेही आता नाहीत. नेओमीने मला इथल्या शाळेला दिले. मी फळीवर असते, आणि वर्गाचा प्रतिनिधी निवडायचा असला की मुले मला खाली काढतात. तुमच्यातल्या कुणाचे आईवडील मनिलाहून आलेले, कुणाचे अजून कुठून, कुणाचे इथल्याच बेटांवरून. माझ्या चिरेतून सगळे कागद सारखेच आत येतात.

मित्रांनो, मला तेल लावा किंवा लावू नका. लाकूड चांगले आहे, मी टिकेन. एवढेच मागते: आपला कागद नीट घडी घालून टाका, दुसऱ्याचा उघडून पाहू नका. आणि निकाल लागला की दुसऱ्या दिवशी सकाळी, तुम्ही जिंकलेले असा की हरलेले, शेजाऱ्याच्या दारावरून जाताना त्याला हाक मारा.